न्यूट्रॉनरोधक काँक्रीटमधील मिश्रके

न्यूट्रॉनरोधक काँक्रीटमधील मिश्रके म्हणजे न्यूट्रॉन प्रारण अडवण्याची काँक्रीटची क्षमता वाढवण्यासाठी त्यात मुद्दाम मिसळले जाणारे पदार्थ होत. बोरॉनयुक्त खनिजे व संयुगे, हायड्रोजन किंवा बद्ध पाणी असलेले पदार्थ, गॅडोलिनियमसारखी न्यूट्रॉनशोषक मूलद्रव्ये आणि जड खनिजांची खडी हे त्यांचे प्रमुख गट आहेत. अणुभट्ट्या, कणत्वरक, न्यूट्रॉन संशोधन केंद्रे, किरणोत्सर्गी पदार्थांची साठवणगृहे आणि कर्करोगावरील किरणोपचार कक्ष यांच्या भिंती बांधताना अशा काँक्रीटचा विचार केला जातो.

काटेकोरपणे पाहता यांतील काही पदार्थ खडी किंवा वाळूच्या जागी वापरले जातात, तर काही भुकटीच्या रूपात अल्प प्रमाणात मिसळले जातात. या लेखात दोन्हींचा समावेश ‘मिश्रके’ या शब्दात केला आहे.

== पार्श्वभूमी ==

न्यूट्रॉन हा विद्युतभाररहित कण असून त्याचा शोध जेम्स चॅडविक यांनी १९३२ मध्ये लावला. भार नसल्यामुळे तो अणूंभोवतीच्या इलेक्ट्रॉनांशी जवळजवळ परस्परक्रिया करत नाही. पदार्थातून जाताना तो अणुकेंद्रावर आदळेपर्यंत सरळ रेषेत प्रवास करतो. अल्फा कण कागदाने आणि बीटा कण धातूच्या पातळ पत्र्याने अडतात. न्यूट्रॉनांना मात्र जाड आणि विचारपूर्वक निवडलेल्या द्रव्याची भिंत लागते.

गॅमा किरणांसाठी शिशासारखा जड धातू उत्तम ठरतो. न्यूट्रॉनांच्या बाबतीत हा नियम लागू पडत नाही. न्यूट्रॉनाचा वेग सर्वांत परिणामकारक रीतीने कमी होतो तो त्याच्याएवढ्याच वस्तुमानाच्या कणाशी टक्कर झाल्यावर, म्हणजे हायड्रोजनच्या अणुकेंद्राशी. हायड्रोजनशी होणाऱ्या प्रत्येक टकरीत न्यूट्रॉनाची ऊर्जा सरासरीने निम्मी होते. लोखंडाच्या अणुकेंद्रावरून तो साध्या टकरीने उसळला, तर एका टकरीत जास्तीत जास्त सुमारे ७% ऊर्जा कमी होते. २ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा न्यूट्रॉन औष्णिक पातळीपर्यंत (०.०२५ इलेक्ट्रॉनव्होल्ट) मंद होण्यास हायड्रोजनमध्ये सरासरी १८, कार्बनमध्ये सुमारे ११५, तर युरेनियममध्ये २,००० हून अधिक टकरा लागतात.

मानवी शरीरातही पाण्याच्या रूपात भरपूर हायड्रोजन असल्यामुळे वेगवान न्यूट्रॉन आपली ऊर्जा ऊतींमध्ये सोडतात आणि तेथे दाट आयनीभवन घडवतात. म्हणूनच प्रारण संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय शिफारशींमध्ये सुमारे १ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या न्यूट्रॉनांना गॅमा किरणांच्या सुमारे २० पट भारांक दिलेला आहे. न्यूट्रॉन भिंतीतून थोड्या प्रमाणात जरी निसटले, तरी पलीकडे काम करणाऱ्या व्यक्तीच्या दृष्टीने ते दुर्लक्षणीय नसतात.

== रोधनाची प्रक्रिया ==

जाड काँक्रीटमध्ये न्यूट्रॉन अडवण्याचे काम तीन टप्प्यांत होते. हे टप्पे वेगवेगळ्या मूलद्रव्यांवर अवलंबून असल्याने एकाच मिश्रकाने सर्व कार्य साधत नाही.

# '''मंदन''': अतिवेगवान न्यूट्रॉन लोखंड, बेरियम यांसारख्या जड अणुकेंद्रांशी अस्थितिस्थापक टकरा घेऊन ऊर्जा गमावतात. लोखंडाच्या बाबतीत ही क्रिया सुमारे ०.८५ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या वरच घडते. त्याखालील मंदनाचे काम मुख्यतः हायड्रोजन करतो.
# '''शोषण''': मंद झालेला न्यूट्रॉन एखाद्या अणुकेंद्रात सामावला जातो. ही शक्यता ‘काटछेद’ या राशीने मोजतात व तिचे एकक बार्न हे आहे. औष्णिक न्यूट्रॉनांसाठी हायड्रोजनचा शोषण काटछेद ०.३३ बार्न, लोखंडाचा सुमारे २.६ बार्न, तर नैसर्गिक बोरॉनचा सुमारे ७६७ बार्न आहे.
# '''दुय्यम गॅमा किरणांचे रोधन''': न्यूट्रॉन शोषल्यावर अणुकेंद्र उत्तेजित होऊन बहुधा गॅमा किरण बाहेर टाकते. हायड्रोजनमधून २.२२ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टचा, तर लोखंडातून ७.६ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतचे गॅमा किरण निघतात. ते अडवण्यासाठी पुन्हा जड द्रव्य व जाडी लागते.

तिसरा टप्पा आराखड्यात दुर्लक्षित राहिल्यास भिंत न्यूट्रॉन थांबवते, पण स्वतःच गॅमा किरणांचा उगम बनते. जाड भिंतीच्या बाहेरील बाजूस मोजल्या जाणाऱ्या मात्रेत या दुय्यम किरणांचा वाटा लक्षणीय असतो. बोरॉनयुक्त मिश्रकांचे खरे महत्त्व येथे आहे.

== इतिहास ==

शिकागो येथे २ डिसेंबर १९४२ रोजी कार्यान्वित झालेल्या पहिल्या अणुभट्टीला, म्हणजे शिकागो पाइल-१ ला, संरक्षक कवच नव्हते. तिची शक्ती अत्यल्प ठेवली गेल्यामुळे ते चालून गेले. त्यानंतर ओक रिज येथे उभारलेली एक्स-१० ग्रॅफाइट अणुभट्टी ४ नोव्हेंबर १९४३ रोजी सुरू झाली. तिच्याभोवती ७ फूट (सुमारे २.१ मीटर) जाडीचे उच्च घनतेचे काँक्रीट होते.

हॅनफर्ड येथील बी अणुभट्टीत (१९४४) वेगळा मार्ग अवलंबला गेला. तेथे पोलादाचे आणि मॅसोनाइट या दाबलेल्या लाकूडतंतूंच्या फळ्यांचे थर आलटून पालटून रचले होते. पोलाद गॅमा किरण अडवत असे, तर लाकडातील हायड्रोजन न्यूट्रॉनांना मंद करत असे. जड द्रव्य आणि हायड्रोजन यांची सांगड घालण्याचे हेच तत्त्व पुढे काँक्रीटच्या मिश्रणात उतरले. खडीच्या जागी जड किंवा पाणीधारक खनिजे आणि त्यांच्या जोडीला बोरॉन ही रचना दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत रूढ झाली. अशा काँक्रीटच्या खडीसाठी अमेरिकेत एएसटीएम सी ६३७ आणि सी ६३८ ही मानके प्रचलित आहेत.

== मिश्रकांचे प्रकार ==

=== हायड्रोजनयुक्त द्रव्ये ===

साध्या काँक्रीटमध्ये हायड्रोजन येतो तो मुख्यतः पाण्यातून. सिमेंट पूर्णपणे जलसंयोग पावल्यास स्वतःच्या वजनाच्या सुमारे २३% पाणी रासायनिकरीत्या बांधून ठेवते. प्रति घनमीटर ३५० किलोग्रॅम सिमेंट धरल्यास हे बद्ध पाणी सुमारे ८० किलोग्रॅम भरते आणि त्यातील हायड्रोजन जेमतेम ९ किलोग्रॅम असतो. छिद्रांमध्ये साठलेले मुक्त पाणी यापेक्षा वेगळे होय. ते कालांतराने, विशेषतः उष्णतेने, उडून जाते. त्यामुळे दीर्घकालीन आराखड्यात त्यावर विसंबून राहता येत नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी पुढील पदार्थ वापरतात:

* '''सर्पेंटाइन''': मॅग्नेशियमचे जलयुक्त सिलिकेट. यात सुमारे १३% बद्ध पाणी असते व ते ४५० अंश सेल्सियसच्या आसपासपर्यंत टिकते. अणुभट्टीच्या पात्राजवळील उष्ण भागात ते उपयुक्त ठरते. रशियन बनावटीच्या व्हीव्हीईआर अणुभट्ट्यांमध्ये पात्राभोवती सर्पेंटाइन काँक्रीट वापरले जाते. तमिळनाडूतील कुडनकुलम येथील अणुभट्ट्या याच प्रकारच्या आहेत. क्रिसोटाइल हे ॲस्बेस्टॉस याच खनिजगटातील असल्याने दगड फोडताना उडणाऱ्या धुळीपासून कामगारांचे संरक्षण करणे आवश्यक असते.
* '''लिमोनाइट''': जलयुक्त लोहखनिज. यातून लोह व हायड्रोजन दोन्ही मिळतात.
* '''पॉलिएथिलीन''': या प्लास्टिकमध्ये वजनाच्या सुमारे १४% हायड्रोजन असतो, म्हणजे पाण्यापेक्षाही (११%) अधिक. प्रति घनमीटर ५० किलोग्रॅम पॉलिएथिलीनचे दाणे मिसळल्यास सुमारे ७ किलोग्रॅम हायड्रोजनची भर पडते. मात्र काँक्रीटची मजबुती व घनता घटते आणि पॉलिएथिलीन १०० अंश सेल्सियसच्या थोडे वर मऊ होऊन वितळू लागते.

=== बोरॉनयुक्त द्रव्ये ===

नैसर्गिक बोरॉनमध्ये सुमारे २०% बोरॉन-१० आणि ८०% बोरॉन-११ ही समस्थानिके असतात. शोषणाचे जवळजवळ सर्व कार्य बोरॉन-१० करतो. त्याचा औष्णिक शोषण काटछेद सुमारे ३,८४० बार्न आहे. न्यूट्रॉन शोषल्यावर त्याचे लिथियम-७ आणि अल्फा कण यांमध्ये विभाजन होते. हे दोन्ही कण काही मायक्रोमीटर अंतरातच थांबतात. सुमारे ९४% वेळा त्यासोबत ०.४७८ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टचा गॅमा किरण निघतो. हायड्रोजन किंवा लोखंडातून निघणाऱ्या किरणांच्या तुलनेत हा सौम्य असून सहज अडतो.

बोरॉनचे मुख्य स्रोत पुढीलप्रमाणे आहेत:

* '''कोलेमॅनाइट''': जलयुक्त कॅल्शियम बोरेट. ते पाण्यात अल्प प्रमाणात विरघळते. यातून बोरॉनबरोबर स्फटिकजलातील हायड्रोजनही मिळतो. तुर्कस्तान व कॅलिफोर्निया येथे त्याचे साठे आहेत. जगातील बोरॉन खनिजांचा सर्वांत मोठा साठा तुर्कस्तानात आहे.
* '''युलेक्साइट''': सोडियम व कॅल्शियमचे जलयुक्त बोरेट. ते कोलेमॅनाइटपेक्षा अधिक विद्राव्य आहे.
* '''टाकणखार''': जलयुक्त सोडियम बोरेट. हा सोनारकामात व औषधांत पूर्वापार माहीत असलेला क्षार आहे. तो लडाखच्या पुगा खोऱ्यातही आढळतो. सहज विरघळत असल्याने काँक्रीटमध्ये मोठ्या प्रमाणात वापरण्यास तो अयोग्य ठरतो.
* '''बोरॉन कार्बाइड''': अत्यंत कठीण व जवळजवळ अविद्राव्य संयुग. यात वजनाच्या सुमारे ७८% बोरॉन असतो. सिमेंटवर याचा रासायनिक परिणाम नगण्य असतो, मात्र किंमत बरीच अधिक असते.
* '''बोरॉनयुक्त काच''': बोरॉन वितळवून काचेत बंदिस्त केल्याने त्याची विद्राव्यता घटते. परंतु सिमेंटमधील अल्क आणि काचेतील सिलिका यांच्या अभिक्रियेमुळे काँक्रीट फुगून तडकण्याचा धोका तपासावा लागतो.

२,३५० किलोग्रॅम प्रति घनमीटर घनतेच्या काँक्रीटमध्ये वजनाच्या १% बोरॉन आणण्यासाठी शुद्ध स्वरूपात लागणारे पदार्थाचे प्रमाण खालील तक्त्यात दिले आहे. खाणीतून येणारे खनिज पूर्ण शुद्ध नसल्याने प्रत्यक्षात प्रमाण अधिक लागते.

| पदार्थ | बोरॉनचे प्रमाण (वजनाने) | प्रति घनमीटर आवश्यक वजन |
|---|---|---|
| बोरॉन कार्बाइड | ७८.३% | सुमारे ३० किलोग्रॅम |
| कोलेमॅनाइट | १५.८% | सुमारे १५० किलोग्रॅम |
| युलेक्साइट | १३.३% | सुमारे १७५ किलोग्रॅम |
| टाकणखार | ११.३% | सुमारे २०७ किलोग्रॅम |

=== इतर शोषक मूलद्रव्ये ===

* '''गॅडोलिनियम''': नैसर्गिक गॅडोलिनियमचा औष्णिक शोषण काटछेद सुमारे ४९,००० बार्न आहे. त्यातील गॅडोलिनियम-१५७ चा काटछेद अडीच लाख बार्नांहून अधिक असून स्थिर समस्थानिकांमध्ये तो सर्वाधिक आहे. गॅडोलिनियम ऑक्साइड पाण्यात विरघळत नाही. मात्र प्रत्येक शोषणानंतर एकूण सुमारे ८ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे गॅमा किरण निघतात आणि हे मूलद्रव्य महाग आहे.
* '''कॅडमियम''': शोषण काटछेद सुमारे २,४५० बार्न. याच्या शोषणातूनही तीव्र गॅमा किरण निघतात. विषारी असल्याने काँक्रीटमध्ये त्याचा वापर टाळला जातो.
* '''लिथियम''': लिथियम-६ (नैसर्गिक प्रमाण सुमारे ७.५%) न्यूट्रॉन शोषल्यावर जवळजवळ गॅमारहित विभाजन पावते. त्याचा काटछेद ९४० बार्न आहे. मात्र या क्रियेत १२.३ वर्षे अर्धायुष्य असलेले ट्रिटियम तयार होते व ते भिंतीत साठत जाते.

=== जड खडी ===

जड खनिजांची खडी गॅमा किरणांना अडवते आणि अतिवेगवान न्यूट्रॉनांचा पहिला टप्पा पार पाडते. साध्या काँक्रीटची घनता प्रति घनसेंटिमीटर २.३ ते २.४ ग्रॅम असते. बराइट वापरल्यास ती सुमारे ३.३ ते ३.६, मॅग्नेटाइट किंवा हेमाटाइट वापरल्यास ३.५ ते ४.० आणि पोलादाचे तुकडे वापरल्यास ५.५ च्याही पुढे जाऊ शकते. भारतात बराइटचा मोठा साठा आंध्र प्रदेशातील मंगमपेटा येथे आहे. इल्मेनाइट हे जड खनिज केरळ, तमिळनाडू व ओडिशाच्या किनाऱ्यांप्रमाणेच रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूतही आढळते.

केवळ घनता वाढवून न्यूट्रॉन रोधन साधत नाही. लोखंडात सुमारे २४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या न्यूट्रॉनांसाठी टक्कर होण्याची शक्यता एकाएकी घटते. त्या ऊर्जेचे न्यूट्रॉन जाड लोखंडातूनही निसटतात. म्हणून लोहयुक्त खडीबरोबर पुरेसा हायड्रोजन असणे आवश्यक असते.

== प्रमाण निश्चिती ==

मिश्रकाचा परिणाम साध्या गणिताने समजून घेता येतो. १% बोरॉन असलेल्या, २.३५ घनतेच्या काँक्रीटमध्ये प्रति घनसेंटिमीटर सुमारे १.३ × १० चा २१वा घात इतके बोरॉन अणू असतात. या संख्येला ७६७ बार्नने गुणल्यास औष्णिक न्यूट्रॉनांसाठी प्रति सेंटिमीटर सुमारे १.० इतका स्थूल शोषण काटछेद मिळतो. बोरॉनरहित साध्या काँक्रीटसाठी हीच राशी ०.०१ च्या आसपास असते. अर्थात १% बोरॉनमुळे औष्णिक शोषण सुमारे शंभरपट होते.

वेगवान न्यूट्रॉनांचे चित्र वेगळे आहे. विखंडनातून निघणाऱ्या न्यूट्रॉनांसाठी साध्या काँक्रीटचा निष्कासन काटछेद प्रति सेंटिमीटर सुमारे ०.०८९ धरला जातो. त्यानुसार त्यांची संख्या एकदशांश होण्यास सुमारे २६ सेंटिमीटर जाडी लागते आणि १ मीटर भिंतीतून साधारण सात हजारांत एक इतके वेगवान न्यूट्रॉन पार होतात. १% बोरॉन मिसळल्याने या आकड्यात जवळजवळ फरक पडत नाही. बोरॉन न्यूट्रॉनांना मंद करत नाही, मंद झालेल्यांना टिपतो.

यामुळे बोरॉनचे प्रमाण वाढवण्याचा लाभ लवकरच मर्यादित होतो. वजनाच्या १% च्या आसपास किंवा त्याहूनही कमी बोरॉनने बहुतांश औष्णिक न्यूट्रॉन शोषले जातात. त्यापुढील वाढ खर्च वाढवते व मजबुती घटवते, मात्र रोधनात फारशी भर घालत नाही.

कणांचा आकारही महत्त्वाचा असतो. बोरॉन कार्बाइडमध्ये औष्णिक न्यूट्रॉन सरासरीने केवळ ०.१२ मिलिमीटर अंतर जाऊ शकतो. त्याहून बरेच मोठे दाणे वापरल्यास बाहेरील थरच न्यूट्रॉन शोषतो व आतील बोरॉन निरुपयोगी राहतो. शिवाय दाण्यांमधील मोकळ्या जागेतून न्यूट्रॉन निसटतात. म्हणून बारीक भुकटी सर्वत्र सारखी पसरवणे श्रेयस्कर मानले जाते.

== सिमेंटवरील परिणाम ==

बोरॉनयुक्त मिश्रकांची सर्वांत मोठी अडचण म्हणजे सिमेंट घट्ट होण्यास होणारा विलंब होय. पाण्यात विरघळलेले बोरेट सिमेंटमधील कॅल्शियमशी संयोग पावून सिमेंटच्या कणांवर अविद्राव्य थर तयार करतात. त्यामुळे पाणी कणाच्या आत पोहोचत नाही व जलसंयोग खुंटतो. टाकणखाराचे प्रमाण सिमेंटच्या वजनाच्या काही टक्क्यांवर गेल्यास काँक्रीट दीर्घकाळ ओलेच राहू शकते. कोलेमॅनाइटमुळेही विलंब होतो, मात्र तो तुलनेने कमी असतो. खनिजात टाकणखारासारख्या विद्राव्य बोरेटांची भेसळ असल्यास विलंब अनपेक्षितपणे वाढतो.

यावर पुढील उपाय योजले जातात:

* कमी विद्राव्य स्रोत, म्हणजे बोरॉन कार्बाइड किंवा बोरॉनयुक्त काच, वापरणे.
* कोलेमॅनाइटची बारीक भुकटी टाळून ते वाळूच्या आकाराच्या दाण्यांत वापरणे, जेणेकरून विरघळण्यास पृष्ठभाग कमी मिळतो.
* मिश्रणात कळीचा विरवलेला चुना घालणे. त्यामुळे विरघळलेले बोरेट लवकर अवक्षेपित होतात.
* कॅल्शियम ॲल्युमिनेट सिमेंटसारखे पर्यायी सिमेंट वापरणे.

कॅल्शियम क्लोराइडने सिमेंट लवकर घट्ट होते, परंतु क्लोराइडमुळे सळया गंजतात. त्यामुळे सळया असलेल्या भिंतींत त्याचा वापर टाळला जातो.

== बांधकाम ==

न्यूट्रॉनरोधक भिंतीची गुणवत्ता प्रयोगशाळेतील मिश्रणाइतकीच बांधकामस्थळावरील कामावर अवलंबून असते. जड खडी ओल्या मिश्रणात तळाशी बसते आणि हलके पदार्थ वर येतात. व्हायब्रेटर अधिक काळ चालवल्यास ही विलगता वाढते. ती टाळण्यासाठी काही ठिकाणी खडी आधी साच्यात भरून नंतर सिमेंटचे पातळ मिश्रण दाबाने सोडण्याची पद्धत वापरतात. जड काँक्रीटच्या वजनामुळे सेंट्रिंगही नेहमीपेक्षा भक्कम लागते.

जाड भिंतींमध्ये जलसंयोगाची उष्णता साठून तडे जाण्याचा संभव असतो. पुरेसे दिवस पाणी मारणे येथे मजबुतीबरोबरच रोधनासाठीही आवश्यक असते, कारण न बांधले गेलेले पाणी म्हणजे गमावलेला हायड्रोजन होय. दोन थरांमधील सांधे, नळ आणि केबलचे मार्ग सरळ आरपार ठेवत नाहीत. त्यांना पायऱ्यांसारखी वळणे देतात. सरळ फटीतून न्यूट्रॉन वाहत बाहेर पडल्यास मिश्रक कितीही उत्तम असले तरी भिंत निष्फळ ठरते.

== चाचणी ==

प्रथम एमसीएनपी यांसारख्या माँटे कार्लो पद्धतीच्या संगणकीय प्रणालींनी मिश्रणाचे रोधन वर्तवले जाते. त्यानंतर नमुन्याच्या लाद्यांवर अमेरिशियम-बेरिलियम किंवा कॅलिफोर्नियम-२५२ या न्यूट्रॉन स्रोतांनी मोजमाप करतात. न्यूट्रॉन मोजण्यासाठी हेलियम-३ किंवा बोरॉन ट्रायफ्लुओराइड भरलेल्या नलिका वापरतात. मोजमाप करताना न्यूट्रॉन व गॅमा या दोन्ही मात्रा स्वतंत्रपणे नोंदवणे आवश्यक असते. प्रत्यक्ष बांधकामात घनता, दाबसामर्थ्य, बद्ध पाण्याचे प्रमाण आणि बोरॉनचे समान वितरण तपासले जाते. भारतात प्रारण सुविधांच्या सुरक्षेवर १९८३ मध्ये स्थापन झालेली, मुंबईस्थित अणुऊर्जा नियामक परिषद देखरेख ठेवते.

== दीर्घकालीन बदल ==

=== उष्णता व प्रारणामुळे होणारी हानी ===

शोषलेल्या प्रारणाची ऊर्जा भिंतीत उष्णतेच्या रूपाने प्रकट होते. अणुप्रकल्पांसाठीच्या अमेरिकी काँक्रीट संहितेत दीर्घकालीन तापमानाची सर्वसाधारण मर्यादा ६५ अंश सेल्सियस व स्थानिक मर्यादा ९३ अंश सेल्सियस अशी दिली आहे. तापमान वाढल्यास मुक्त पाणी निघून जाते आणि मंदनक्षमता घटते.

वेगवान न्यूट्रॉनांची एकूण मात्रा प्रति चौरस सेंटिमीटर १० च्या १९व्या घाताच्या आसपास पोहोचल्यावर काँक्रीटचे सामर्थ्य घटू लागते, असे हिल्सडॉर्फ, क्रॉप व कॉख यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात दाखवले. याचे प्रमुख कारण खडीतील खनिजांचा, विशेषतः क्वार्ट्झचा, फुगवटा हे आहे. न्यूट्रॉनांच्या माऱ्याने त्याची स्फटिकरचना मोडते व आकारमान वाढते. अणुभट्ट्यांचे आयुष्य वाढवण्याचा निर्णय घेताना हा मुद्दा विचारात घेतला जातो.

=== सक्रियण ===

न्यूट्रॉन शोषलेली काही अणुकेंद्रे स्वतः किरणोत्सर्गी होतात. काँक्रीटमधील कोबाल्ट व युरोपियम यांचे प्रमाण दशलक्षांश भागांत असले, तरी त्यांपासून अनुक्रमे कोबाल्ट-६० (अर्धायुष्य ५.२७ वर्षे) आणि युरोपियम-१५२ (सुमारे १३.५ वर्षे) तयार होतात. सोडियमपासून होणारे सोडियम-२४ सुमारे १५ तासांच्या अर्धायुष्याचे असते. यंत्र बंद केल्यानंतर लगेच कक्षात जाणाऱ्या तंत्रज्ञांसाठी ते महत्त्वाचे ठरते.

सुविधा मोडीत काढताना सक्रिय झालेले काँक्रीट किरणोत्सर्गी कचरा म्हणून हाताळावे लागते. बोरॉनयुक्त काँक्रीटमध्ये औष्णिक न्यूट्रॉन बोरॉनकडून शोषले जात असल्याने कोबाल्ट व युरोपियमपर्यंत कमी न्यूट्रॉन पोहोचतात व असा कचरा घटतो. भिंतीच्या आतील बाजूस बोरॉनयुक्त काँक्रीटचा थर देणे आणि चुनखडीसारखी कमी अशुद्धी असलेली खडी निवडणे हे त्यावरील उपाय आहेत.

== उपयोग ==

* '''अणुभट्ट्या''': अणुभट्टीच्या पात्राभोवतीची जैविक संरक्षण भिंत हा या काँक्रीटचा प्रमुख उपयोग होय.
* '''न्यूट्रॉन संशोधन केंद्रे''': स्वीडनमधील लुंड येथील युरोपियन स्पॅलेशन सोर्स या प्रकल्पासाठी पॉलिएथिलीन व बोरॉन कार्बाइड एकत्र मिसळलेले काँक्रीट विकसित करण्यात आले. यात हायड्रोजन न्यूट्रॉनांना मंद करतो आणि बोरॉन त्यांना शोषतो.
* '''किरणोपचार कक्ष''': सुमारे १० मेगाव्होल्टहून अधिक क्षमतेच्या रेषीय त्वरकांमध्ये तीव्र क्ष-किरण जड धातूंवर आदळून न्यूट्रॉन निर्माण होतात. अशा कक्षांची वळणदार प्रवेशिका काँक्रीटची असते आणि दारांत बोरॉनयुक्त पॉलिएथिलीन व शिसे यांचे थर असतात.
* '''प्रोटॉन उपचार केंद्रे''': येथे वेगवान प्रोटॉनांमुळे उच्च ऊर्जेचे न्यूट्रॉन निर्माण होत असल्याने मीटरभर किंवा त्याहून अधिक जाडीच्या काँक्रीट भिंती लागतात. नवी मुंबईतील खारघर येथे टाटा स्मारक केंद्राच्या परिसरात असे केंद्र आहे.
* '''साठवण''': न्यूट्रॉन स्रोत व वापरलेले अणुइंधन ठेवण्याच्या जागांमध्येही अशा काँक्रीटचा उपयोग होतो.

== मर्यादा व गैरसमज ==

बोरॉन मिसळल्याने कोणतीही पातळ भिंत न्यूट्रॉनरोधक होते हा सर्वांत प्रचलित गैरसमज आहे. वेगवान न्यूट्रॉनांसाठी जाडी व हायड्रोजन यांना पर्याय नाही. त्याचप्रमाणे जड काँक्रीट प्रत्येक वेळी अधिक सुरक्षित असते असेही नाही. त्यात पाण्याचा अंश कमी असल्यास न्यूट्रॉनांबाबत ते समान जाडीच्या साध्या काँक्रीटपेक्षा अपेक्षेइतके सरस ठरत नाही.

जागा मुबलक असेल तेथे साध्या काँक्रीटची जाडी वाढवणे हा बहुधा स्वस्त व खात्रीचा मार्ग ठरतो. मिश्रकांचा खर्च तीन परिस्थितींत सार्थ होतो: जागा अपुरी असेल तेव्हा, दुय्यम गॅमा किरण घटवायचे असतील तेव्हा, आणि भविष्यातील किरणोत्सर्गी कचरा कमी करायचा असेल तेव्हा. मिश्रकाची निवड करताना न्यूट्रॉनांची ऊर्जा, भिंतीचे तापमान, सिमेंटचा प्रकार आणि सुविधेचे नियोजित आयुष्य या चारही बाबी एकत्रितपणे पाहाव्या लागतात.

== हेही पाहा ==

* न्यूट्रॉन
* बोरॉन
* टाकणखार
* काँक्रीट
* अणुभट्टी
* किरणोत्सर्ग